बाळंतपण सारखंच, पगार मात्र वेगळा : कुणाला सहा महिने भरपगारी, कुणाच्या वाट्याला दिवसाला २७ रुपये

दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस. त्या दिवशी बाकड्यावर सगळ्या जणी एका रांगेत बसलेल्या असतात. कुणी खुरपणी सोडून आलेली, कुणी कंपनीतून सुट्टी टाकून आलेली, कुणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी. वजनकाटा एकच, रक्तदाबाचं मशीन एकच, लोहाच्या गोळ्या त्याच. माता-बाल संरक्षण कार्डसुद्धा सगळ्यांच्या हातात सारखंच.

इथपर्यंत सरकार सगळ्यांना एकाच मापानं मोजतं. पण केंद्राच्या फाटकाबाहेर पडलं की माप बदलतं. बाळंतपणाच्या आधी-नंतर विश्रांती किती मिळणार आणि त्या दिवसांत घरात पैसा येणार की नाही, हे त्या बाईचं नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे यावर ठरतं. नाव कुठल्याच हजेरीपटावर नसेल, तर हातात येणारी रक्कम ऐकून विश्वास बसत नाही.

चौघींचा हिशेब

समजण्यापुरत्या एका गावातल्या चार बायका धरू. चौघींचंही पहिलंच बाळंतपण. एक जिल्हा परिषद शाळेत कायम शिक्षिका, पगार महिना ५० हजार. दुसरी औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पॅकिंगला, पगार १५ हजार, पगारातून ईएसआयसी कापली जाते. तिसरी नोंदणी असलेली बांधकाम कामगार. चौथी शेतमजूर, आज या रानात तर उद्या त्या रानात.

शिक्षिकेला १८० दिवसांची पूर्ण पगारी रजा. म्हणजे सहा महिन्यांचे ३ लाख रुपये.

कंपनीतल्या बाईला ईएसआयसीकडून २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, रोजच्या सरासरी पगाराइतके पैसे. दिवसाला ५०० रुपये धरले तर ९१ हजार.

बांधकाम कामगार बाईला कल्याणकारी मंडळाकडून नैसर्गिक बाळंतपणाला १५ हजार, सिझर झालं तर २० हजार. १५ हजाराला १८२ दिवसांनी भागलं तर दिवसाला ८२ रुपये पडतात.

शेतमजूर बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५ हजार रुपये, तेही दोन हप्त्यांत. तसाच भागाकार केला तर दिवसाला २७ रुपये.

आता दुसऱ्या बाजूनं बघू. खुरपणीचा रोज गावागणिक वेगळा असतो, हिशेबाला ३०० धरू. आठवड्यातले पाच दिवस काम मिळतं असं मानलं, तर २६ आठवड्यांत या बाईचा ३९ हजारांचा रोज बुडतो. मिळणारे ५ हजार म्हणजे जेमतेम सतरा दिवसांची मजुरी. म्हणूनच बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की त्याला बांधावरच्या झोळीत टाकून खुरपं हातात घेतलेली आई कुठल्याही शिवारात दिसते. घरच्यांना समजत नाही असं नाही. सहा महिने घरी बसणं परवडत नाही.

सरकारी नोकरी : नियम स्पष्ट, पैसे वेळेवर

राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, ग्रामसेविका, आरोग्य सेविका यांना हाच लाभ. ही रजा इतर रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि पगार जसाच्या तसा चालू राहतो. अट एकच महत्त्वाची, रजेवर जाताना हयात मुलं दोनपेक्षा कमी असली पाहिजेत.

इथं वाद फारसे होत नाहीत, कारण पगार तिजोरीतून निघतो. मुख्याध्यापक किंवा गटशिक्षणाधिकारी यांच्या खिशाला काही लागत नाही. त्यामुळे 'ही बाई गरोदर राहिली तर आपलं नुकसान' असा विचार कुणी करत नाही. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढचा सगळा फरक इथूनच सुरू होतो.

खाजगी नोकरी : २६ आठवडे, पण पैसे देणार कोण?

खाजगी कारखाने, दुकानं, कार्यालयं यांच्यासाठी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता. आधी रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली, तिसऱ्यापासून पुढे १२ आठवडेच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. त्यात हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. मुख्य तरतुदी मात्र त्याच आहेत.

कारखान्यांना हा नियम आहेच. दुकान किंवा आस्थापना असेल तर तिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला असावी लागतात. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत बाईनं किमान ८० दिवस काम केलेलं असावं. रजेच्या आधीच्या तीन महिन्यांतल्या मजुरीची सरासरी काढून तेवढे पैसे द्यायचे असतात. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मालकानं दवाखान्याची मोफत सोय केली नसेल तर ३ हजार ५०० रुपये वेगळे. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा. आणि या रजेच्या काळात बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे.

हे झालं कागदावरचं. खाजगीत पैसे देणारे दोन प्रकारचे आहेत, तो फरक समजून घेतला पाहिजे.

पहिला प्रकार ईएसआयसीचा. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. १५ हजार पगारावर बाईचे ११२ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, मिळून महिन्याला ६०० रुपये होतात. बाळंतपण आलं की पगार मालक देत नाही, ईएसआयसी थेट बाईच्या खात्यात टाकते. मागच्या दोन सलग वर्गणी काळात मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली की काम झालं. एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणी काळ आणि ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा.

दुसरा प्रकार म्हणजे मालकानं स्वतःच्या गल्ल्यातून द्यायचं. जिथं ईएसआयसी नाही, किंवा पगार २१ हजाराच्या वर आहे, तिथं २६ आठवड्यांचा सगळा पगार मालकावर. मोठ्या कंपनीला हे जड जात नाही. पण बारा-पंधरा माणसांची पतसंस्था, तालुक्याचं खाजगी हॉस्पिटल, जिनिंगचं ऑफिस, कृषी सेवा केंद्र यांना सहा महिने घरी बसलेल्या बाईचा पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसरं माणूस ठेवून त्याचाही पगार द्यायचा, असा दुहेरी बोजा पडतो. मालकाची ही अडचण खोटी नाही. पण त्यातून जे मार्ग काढले जातात ते थेट बाईच्या मुळावर येतात.

पळवाटा कशा निघतात

पहिली पळवाट माणसं मोजण्यातली. कामाला चौदा जण, पण रजिस्टरवर नऊ. उरलेले पाच 'मदतीला' असतात, त्यांचा पगार रोखीनं. दहाची रेघ ओलांडलीच नाही असं दाखवलं की मातृत्व लाभाचा प्रश्नच मिटला.

दुसरी पळवाट अकरा महिन्यांच्या करारातली. अकरा महिने झाले की एक महिना खंड, मग नवा करार. बाईला दिवस गेल्याचं कळलं की पुढचा करार होतच नाही. 'आम्ही काढलं नाही, करार संपला,' असं सांगितलं जातं.

तिसरी पळवाट सगळ्यात जास्त चालते आणि तिचा कुठं कागदही होत नाही. 'बाळ मोठं झालं की या परत, जागा ठेवतो,' असं गोड बोलून बाईकडून राजीनामा लिहून घेतला जातो. घरच्यांनाही ते चांगुलपणाचं वाटतं. राजीनाम्यावर सही झाली की २६ आठवड्यांवरचा हक्क स्वतःच्या हातानं सोडल्यासारखं होतं.

यातल्या काही गोष्टींवर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलेलं आहे. २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवर रोजंदारीनं काम करणाऱ्या बायकांचं प्रकरण आलं होतं. कायम नाहीत म्हणून त्यांना लाभ नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं की रोजंदारीवरच्या बायकांनाही मातृत्व लाभ द्यावाच लागेल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्याच एका कंत्राटी डॉक्टरचा निकाल लागला. तिची प्रसूती रजा चालू होण्याच्या बेतात कराराची मुदत संपत होती. करार संपला तरी २६ आठवड्यांचा लाभ पूर्ण मिळाला पाहिजे, असं न्यायालयानं ठरवलं.

म्हणजे 'तू कंत्राटी आहेस, तुला नाही मिळत' हे वाक्य कायद्याला धरून नाही. पण दिल्लीचा निकाल तालुक्याच्या पतसंस्थेपर्यंत आपोआप पोचत नाही. बाईनं मागितलं तरच तो कामाला येतो, आणि मागायला हातात कागद लागतो.

अंगणवाडी आणि आशा : काम एकाच गावात, दर्जा वेगवेगळा

गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या दोघी जणी म्हणजे अंगणवाडी सेविका आणि आशा ताई. त्यांची स्वतःची गोष्ट बघण्यासारखी आहे.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना पगार नाही, मानधन मिळतं. पण बाळंतपणासाठी १८० दिवसांची मानधनासह रजा त्यांना आहे. सरकारी कर्मचारी म्हणून मान्यता नसली तरी निदान हा हक्क पदरात पडलेला आहे.

आशा ताईला सरकार 'स्वयंसेविका' म्हणतं. तिच्या कमाईचा मोठा भाग कामावर मोजला जातो. इतक्या गरोदर मातांची नोंद, इतकी लसीकरणं, इतक्या दवाखान्यातल्या प्रसूती. जे काम केलं त्याचा मोबदला, जे झालं नाही त्याचा नाही. दुसरीचं बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून रात्री-अपरात्री गाडीत बसणारी ही बाई स्वतः बाळंतीण झाली की कामावर मिळणारा तिचा मोबदला तिथंच थांबतो. मातृवंदना योजनेच्या पात्र यादीत अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांची नावं आहेत. पण ते ५ हजार म्हणजे रजेचा पगार नव्हे.

बांधकाम मजूर : नोंदणी चालू असेल तरच

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना १५ हजार किंवा २० हजार रुपये मिळतात. नोंदणी नवऱ्याची असली तरी त्याच्या बायकोला हा लाभ आहे. मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला नोंदणीला लागतो.

इथं बायकांचं नुकसान दोन कारणांनी होतं. एक, नूतनीकरण राहून जातं. कार्ड घरात असतं, पण मुदत संपलेली असते. भांड्यांच्या संचासाठी रांगेत उभं राहून काढलेलं कार्ड पुढं डब्यात पडून राहतं आणि बाळंतपणात त्याची आठवण होते, तेव्हा उशीर झालेला असतो. दोन, ९० दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो. मग दलाल मध्ये येतो आणि पंधरा हजारातला वाटा मागतो.

शेतमजूर आणि ऊसतोड : सगळ्यात जास्त काम, सगळ्यात कमी आधार

शेतमजूर बाईला मालक एक नसतो. सोमवारी एकाचा कापूस, बुधवारी दुसऱ्याची सोयाबीन. त्यामुळे मातृत्व लाभ द्यायची जबाबदारी कुणाची, हे ठरवताच येत नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजना हाच एक आधार.

पहिल्या मुलाला ५ हजार. त्यातले ३ हजार गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी सहा महिन्यांच्या आत झाल्यावर, आणि २ हजार बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी पूर्ण झाल्यावर. १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या बाळंतपणाला मुलगी झाली तर ६ हजार एकरकमी मिळतात. दुसरा मुलगा झाला तर या योजनेतून काहीच नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण बाळ मुलगा असो की मुलगी, आईच्या शरीराची झीज तेवढीच होते आणि बुडालेला रोजही तेवढाच असतो. शिक्षिकेची रजा दुसऱ्या वेळी मुलगा की मुलगी हे विचारत नाही. मजूर बाईला मात्र ते विचारलं जातं.

याशिवाय जननी सुरक्षा योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये मिळतात. रिक्षा आणि चहापाण्यालाच ते जातात.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. अपवाद फक्त सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्यानं असा लाभ मिळणाऱ्या बायकांचा. तेव्हापासून डिझेल, खत, बियाणं, गॅस सगळ्याचे भाव कुठल्या कुठं गेले. बाळंतिणीचा आकडा तिथंच घुटमळतो आहे. तुलनेला सांगायचं तर 'लाडकी बहीण'चे महिना १५०० धरले तर सहा महिन्यांचे ९ हजार होतात. बाळंतपणासाठी असलेली रक्कम त्याहून कमी आहे.

ऊसतोडीची गोष्ट तर आणखी वेगळी. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. उचल नवरा-बायको दोघांच्या कोयत्याची असते, पण व्यवहार मुकादम आणि नवरा यांच्यातला. बाईचं नाव कुठंच नसतं. ती अर्धा ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि हिशेबात मात्र 'एक कोयता' एवढंच लिहिलं जातं. एखाद्या दिवशी काम बंद पडलं की खाडा लागतो, आणि तो उचलीतून वळता होतो.

गाळपाचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. शिक्षिकेची प्रसूती रजाही तेवढ्याच मुदतीची. जो काळ एकीला विश्रांतीला मिळतो, तोच काळ दुसरी पोटुशी असताना किंवा तान्हं बाळ कोपीत ठेवून फडात काढते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. सरकारनं चौकशी समिती नेमली. त्या वेळी पुढं आलेल्या कारणांत एक कारण खाड्याचं होतं. पाळीत किंवा दुखण्यात बसून राहिलं तर पैसे कापले जातात, ही भीती. आजारपणाचीच रजा नाही तिथं बाळंतपणाची कुठून येणार?

मूळ प्रश्न : ओझं कुणाच्या डोक्यावर

हा प्रश्न नवीन नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या बायकांना प्रसूती लाभ देण्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचबरोबर हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा, हेही त्यांनी मान्य केलं. पण सरकार उचलत नाही तोवर, ज्याला त्या बाईच्या कष्टाचा फायदा मिळतो त्या मालकानं तो दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला असा हा पहिला कायदा.

जवळपास शंभर वर्षं होत आली, वाद तिथंच आहे. वरच्या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. जिथं खर्च वाटून घेतला जातो तिथं बाईला पैसे मिळतात आणि नोकरीही टिकते. सरकारी नोकरीत तो तिजोरी उचलते. ईएसआयसीत हजारो मालक आणि कामगार महिन्याला थोडं थोडं भरतात, त्यातून बाळंतिणीचा पगार निघतो. जिथं सगळं ओझं एका छोट्या मालकावर पडतं, तिथं तो तरुण बाईला कामावर घ्यायलाच कचरतो. मुलाखतीत 'लग्न झालंय का, मुलं किती' हे विचारलं जातं त्याचं कारण हेच. आणि जिथं मालकच नाही, तिथं बाईला सरकारी योजनेच्या चार-पाच हजारांवर भागवावं लागतं.

हे बदलता येत नाही असं नाही. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावानं राज्य सरकारची योजना आहे. त्यात गरीब घरातल्या गरोदर बाईला पोषण आहाराच्या संचांसह एकूण १८ हजार रुपयांचा लाभ दोन बाळंतपणांपर्यंत मिळतो. म्हणजे राज्यानं ठरवलं तर केंद्राच्या रकमेत आपली भर घालता येते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही असंघटित कामगारांसाठी मातृत्व लाभाच्या योजना करण्याची तरतूद आहे. तरतूद आहे, आता योजना आणि पैसा हवा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, बांधकाम कामगारांसाठी मंडळ आहे. बांधकाम मंडळ १५ हजार देऊ शकतं, तर फडातल्या बाईला तेवढे का मिळू नयेत, हा प्रश्न गावागावातून विचारला गेला पाहिजे. कोयत्याच्या करारात बाईचं नाव वेगळं लिहिलं जावं, ही त्याची पहिली पायरी.

तोवर काय करता येईल

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज हक्काचे असलेले पैसे तरी बुडू नयेत यासाठी या गोष्टी सांभाळाव्यात.

१. दिवस गेल्याचं कळताच अंगणवाडीत किंवा आशा ताईकडे नोंद करावी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जायचं असेल तर निघण्याआधीच. मातृवंदनेचा पहिला हप्ता लवकर नोंदीवरच अवलंबून आहे.

२. बँक खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असा घोळ अनेकींचा असतो. तो आधीच दुरुस्त करावा. नवऱ्याचं आधार नाही म्हणून आता अर्ज अडत नाही, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या किंवा टाकलेल्या बाईनंही अर्ज करावा.

३. कंपनीत असाल तर पगाराची स्लिप, हजेरी कार्ड, ओळखपत्र यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत. पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुक भरून घ्यावं. ८० दिवस काम केल्याचा पुरावा यातूनच निघतो.

४. पगारातून ईएसआयसी कापली जाते, पण ती खरंच भरली जाते का ते बघावं. ईएसआयसीचा विमा क्रमांक मागून घ्यावा. ठेकेदार क्रमांक द्यायला टाळत असेल तर काहीतरी पाणी मुरतंय हे समजावं.

५. प्रसूती रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकलेलं नसतं. राजीनामा कुणाच्याही गोड बोलण्यावर लिहून देऊ नये.

६. बांधकाम कामगार कार्डाची मुदत आजच तपासावी.

७. कामावरून काढलं किंवा पैसे नाकारले तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करावी. काढून टाकल्याविरुद्ध दाद मागायला ६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे वाट बघत बसू नये. तालुका विधी सेवा समितीत बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

यातल्या बहुतेक गोष्टी घरातल्या पुरुषांनाही करता येतात. आधार दुरुस्तीला तालुक्याला जाणं, कार्डाचं नूतनीकरण करणं, ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला आणणं ही कामं सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईनं एसटीचे धक्के खात करायची गरज नाही.

पुढच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात पुन्हा तशीच रांग लागेल. वजन, रक्तदाब, गोळ्या सगळं होईल. कार्डावर तारीख पडेल. त्या वेळी प्रत्येकीला आणखी एक प्रश्न विचारला गेला तर बरं होईल : बाई, तुझं नाव कुठल्या रजिस्टरवर आहे? उत्तर 'कुठंच नाही' असं आलं, तर निदान त्या दिवशी अंगणवाडीच्या रजिस्टरवर ते चढलं पाहिजे.